काळे की पांढरे?

शालेय क्रीडा स्पर्धांत बुद्धिबळास आता कायमचे स्थान मिळाले आहे. १४, १७ व १९ वर्षांखालील असे तीन वयोगट, आणि तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा एकावर एक पायऱ्या, ही रचना आमच्या वाचकांपैकी बहुतेकांस ठाऊक असेलच. वरवे बुद्रुक व त्याच्या आसपासच्या गावांतून आमच्याकडे शिकावयास येणारी मुलेमुलीही या पायऱ्यांवर पाऊल ठेवू लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. तेव्हा खेळ कसा सुधारावा याविषयी चार शब्द लिहावे, अशी अपेक्षा कोणी केल्यास ती स्वाभाविकच आहे. परंतु ते काम आमच्यापेक्षा अधिकारी पुरुषांचे आहे. आम्ही येथे एका अगदी लहानशा चुकीविषयी लिहिणार आहोत. ती चूक अशी की, ज्याने पांढरे मोहरे घेऊन खेळावयाचे तो काळे घेऊन बसतो, ज्याने काळे घ्यावयाचे तो पांढरे घेतो, आणि ही अदलाबदल डाव सुरू झाल्यावर कोणाच्या तरी ध्यानात येते.

मोहऱ्यांचा रंग तो काय, दोन्हीकडे सैन्य सारखेच, असे म्हणून कित्येक पालक ही गोष्ट हसण्यावारी नेतात. घरी किंवा पारावर खेळताना तसे म्हणण्यास हरकत नाही. एकाने दोन मुठींत दोन प्यादी लपवावी, दुसऱ्याने एक मूठ दाखवावी, की रंग ठरला! स्पर्धेत मात्र रंग हा नशिबाचा भाग राहत नाही. तो हिशेबाचा भाग होतो. पांढऱ्याची चाल आधी, आणि आधी चालणाऱ्यास थोडासा लाभ असतो, हे आजवर नोंदलेल्या लाखो डावांवरून दिसून आले आहे. उत्तम खेळाडूंच्या डावांत शंभर गुणांपैकी साधारण चोपन्न-पंचावन्न गुण पांढऱ्याच्या पदरी पडतात. हा फरक फार मोठा नव्हे. पण स्पर्धेत अर्ध्या गुणाने क्रमांक जातो हे ज्याने पाहिले आहे, तो त्यास क्षुल्लकही म्हणणार नाही.

म्हणून जोड्या लावताना प्रत्येकास दोन्ही रंग शक्य तितके सारखे मिळावे, असा कटाक्ष ठेवलेला असतो. हल्ली बहुतेक स्पर्धा स्विस पद्धतीने होतात. १८९५ साली झूरिक येथील एका स्पर्धेत यूलियस म्यूलर यांनी ती प्रथम वापरली. सारख्या गुणांचे खेळाडू समोरासमोर आणावयाचे आणि कोणासही घरी न पाठवता ठराविक फेऱ्या खेळवावयाच्या, हे तिचे मर्म. तिच्या नियमांप्रमाणे कोणा खेळाडूस एकच रंग लागोपाठ तीनदा मिळू नये, आणि त्याच्या पांढऱ्या व काळ्या डावांतील अंतर दोहोंहून अधिक होऊ नये. शेवटच्या फेरीपुरती काय ती थोडी सूट. जगज्जेतेपदाच्या सामन्यांतही हीच काळजी घेतली जाते. २०१३ साली चेन्नई येथे विश्वनाथन आनंद व माग्नुस कार्लसन यांचा सामना झाला, तेव्हा सहाव्या डावात पांढरे मोहरे आनंद यांचे होते आणि सातव्यातही त्यांचेच. एकाच गड्यास सारखे दुसऱ्याच्या मागून पांढरे मिळू नयेत, म्हणून सामन्याच्या मध्यावर क्रम मुद्दाम उलटविला होता. जेथे एवढा विचार होतो, तेथे 'रंगात काय आहे' असे म्हणणे बरोबर नाही.

तरीही चूक होते, आणि ती मूर्खपणामुळेच होते असे नाही. जोड्यांचा तक्ता भिंतीवर लागतो. त्यापुढे पन्नास मुलांची गर्दी उसळते. मुलगा आपले नाव व पटाचा क्रमांक तेवढा वाचतो आणि धावतो. आपले नाव डावीकडच्या रकान्यात होते की उजवीकडच्या, हे त्याच्या मनात राहतच नाही. मागील फेरीत ज्या खुर्चीवर बसलो होतो त्याच खुर्चीकडे पाय वळतात, हे दुसरे कारण. सांघिक स्पर्धेत तर घोटाळ्यास आणखीच वाव. तेथे एका संघास पहिल्या व तिसऱ्या पटावर पांढरे, दुसऱ्या व चौथ्यावर काळे, अशी आळीपाळी असते. पहिला गडी चुकीच्या बाजूस बसला की त्याच्यामागून सारा संघ चुकतो. कधी कधी तर खिडकीतून डोळ्यांवर ऊन येते म्हणून दोघे सलोख्याने जागा बदलतात आणि मोहरे मात्र जेथल्या तेथे राहतात! अशी चूक एकाची कधीच नसते. समोरासमोर बसलेले दोघेही चुकल्यावाचून ती होऊच शकत नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन तीवर आधारलेले आहे.

आता नियम काय सांगतो ते पाहू. जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमावलीत या चुकीसाठी स्वतंत्र कलम आहे. पूर्वी त्यात एवढेच म्हटलेले होते की, उलट रंगांनी सुरू झालेला डाव, पंचाने वेगळा निर्णय दिला नाही तर, तसाच पुढे चालवावा. म्हणजे सारा भार पंचाच्या मर्जीवर. एका गावी एक न्याय, दुसऱ्या गावी दुसरा. १ जानेवारी २०१८ पासून हे कलम बदलले. दोन्ही खेळाडूंच्या दहा दहा चाली पुऱ्या होण्यापूर्वी चूक उघड झाली, तर तो डाव थांबवून योग्य रंगांनी नवा डाव खेळावयाचा. दहा चाली झाल्या असल्या तर चालू डावच पुढे न्यावयाचा. काळ्याने आपली दहावी चाल केली की सीमा ओलांडली गेली, असा याचा अर्थ. पांढऱ्याच्या दहा झाल्या आणि काळ्याची दहावी व्हावयाची आहे, अशा क्षणी चूक कळली तर डाव नवाच सुरू होईल.

हा बदल आम्हांस एकंदरीत योग्य वाटतो. आरंभीच्या आठ-दहा चालींत बहुधा फार काही घडलेले नसते; ते पुसून टाकले तर कोणाचे मोठेसे नुकसान होत नाही. उलट दोन तास झगडून पस्तिसाव्या चालीस आलेला डाव केवळ रंगासाठी मोडणे हा दोघांवरही जुलूम होईल. शिवाय सीमा आकड्याने ठरलेली असल्यामुळे पंचाच्या ओळखीपाळखीस जागा उरत नाही. इतर खेळांतही असेच आहे. क्रिकेटमध्ये पंचाने चेंडू मोजताना चूक केली, तर त्याने मोजले तेच षटक खरे धरतात. मागे जाऊन सातवा चेंडू कोणी परत घेत नाही. झालेली गोष्ट कोठवर मागे न्यावी यास कोठे तरी रेघ ओढावीच लागते.

परंतु जेथे रेघ ओढली जाते तेथे तिच्या दोहों बाजूंस मोह उभा राहतो. आमच्या या लेखाचे खरे कारण तेच आहे.

मुलांबरोबर ज्या स्पर्धांस आम्ही गेलो त्यांपैकी एकीत पुढील प्रकार घडला. स्थळ व नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. एका मुलीस तक्त्याप्रमाणे काळे मोहरे होते. ती पांढरे घेऊन बसली होती. सातव्या चालीस प्रतिस्पर्ध्याच्या बेसावधपणामुळे तिला एक घोडा फुकट मिळाला. चाल टिपण्यासाठी ती कागदाकडे वळली, तेव्हा वरच्या ओळीत आपले नाव आपण काळ्याच्या जागी लिहिले असल्याचे तिला दिसले. तिने क्षणभर विचार केला, घड्याळ थांबविले व हात वर केला. पंच आले, त्यांनी तक्ता पाहिला, डाव रद्द केला आणि मोहरे फिरवून पुन्हा सुरू करविला. नव्या डावात ती हरली.

स्वारगेटहून एस.टी.ने परत येताना कात्रज मागे पडेपर्यंत तिचे वडील एक शब्द बोलले नाहीत. पुढे बोलले ते मात्र पुष्कळ बोलले. त्यांचे म्हणणे वेडगळ नव्हते, म्हणून आम्ही ते येथे देतो. ते म्हणाले, "गुरुजी, दहा चालींचा नियम सरकारी छापाचा. तीन चाली ही गप्प बसली असती तर डाव कायद्यानेच कायम झाला असता. चूक समोरच्याचीही होती. त्याने पाहिले नाही, तर हिनेच का दाखवावे? परीक्षेत दुसऱ्याच्या पेपरातली चूक कोणी दुरुस्त करतो का?"

या प्रश्नास 'खोटे वागू नये' एवढेच उत्तर देऊन भागत नाही. कारण मुलीने खोटे सांगावे असे ते म्हणतच नव्हते. ती गप्प राहावी एवढेच म्हणत होते, आणि ज्याच्या लक्षात चूक आली त्याने ती सांगितलीच पाहिजे असे त्या कलमात लिहिलेलेही नाही. तेव्हा खोलात शिरणे भाग आहे.

प्रथम दुसऱ्याच्या पेपराची उपमा घेऊ. ती येथे लागू पडत नाही. प्रतिस्पर्ध्याने घोडा मारात ठेवला ही त्याच्या पेपरातील चूक. ती त्यास दाखविण्याचे बंधन कोणावर नाही, आणि दाखविली तर तो खेळच राहणार नाही. परंतु रंगांची अदलाबदल ही त्याच्या पेपरातील चूक नव्हे. ती दोघांच्या सामाईक पेपरावरील, किंबहुना प्रश्नपत्रिकेतीलच चूक आहे. दोन मुलांच्या हाती एकमेकांच्या प्रश्नपत्रिका पडल्या आणि त्यांपैकी एकास ते कळले, तर तो पर्यवेक्षकास सांगतो. आपणास सोपी प्रश्नपत्रिका आली आहे म्हणून घंटा होईपर्यंत गप्प बसणारा मुलगा आपल्या बुद्धीवर गुण मिळवीत आहे, असे कोणी म्हणेल काय?

दुसरे असे की, दहा चालींची सीमा कशासाठी घातली हे पाहिले पाहिजे. ज्यांना चूक कळलीच नाही अशा दोघांचा श्रम फुकट जाऊ नये, हा तिचा हेतू आमच्या मते उघड आहे. ज्याला चूक कळली आहे त्याने त्या सीमेकडे चाली मोजत सरकावे, यासाठी ती घातलेली नाही. कायद्याचे अक्षर दोघांसही सारखेच वाचता येते, पण पहिला त्याचा आश्रय घेतो आणि दुसरा त्याचा वापर करतो.

तिसरा मुद्दा व्यवहाराचा आहे आणि तो त्या गृहस्थांस अधिक पटला. मनात असे गुपित धरून मुलीने आणखी तीन चाली कशा केल्या असत्या? पटाकडे पाहून नव्हे, पंचांकडे पाहून. घाईघाईने कशातरी तीन चाली उरकून दहावीचा उंबरठा ओलांडावा, एवढाच तिचा हेतू राहिला असता. घोडा अधिक असतानाही असे खेळणारा हरतो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. आणि पंच तर पटांमधून फिरतच असतात. नवव्या चालीस त्यांनीच येऊन कागद पाहिला असता, तर डाव गेला असता तो गेलाच असता, वर चेहऱ्यावरचा चोरटेपणा सर्वांस दिसला असता.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्याचा घोडा गेला आहे त्यालाच जर चूक प्रथम दिसली, तर? त्याने सांगावे की न सांगावे? आमच्या मते त्यानेही अवश्य सांगावे, आणि त्यास कोणी 'हरत होता म्हणून आठवले' असे टोचून बोलू नये. त्याच्या मनात काय होते ते आपणास दिसत नाही; तक्त्यावर काय आहे ते दिसते. चूक सांगणाऱ्याचा लाभ होतो म्हणून ती चूक नाहीशी होत नाही. आमच्या मुलांत अशा वेळी टवाळी करण्याची खोड आहे व ती आम्हांस मुळीच आवडत नाही, कारण तिच्यामुळे पुढल्या वेळी निर्दोष मुलगाही हात वर करण्यास कचरतो.

आता चूक ध्यानात आल्यावर काय करावे, ते थोडक्यात. घड्याळ थांबवावे, हात वर करून पंचास बोलवावे, आणि पंच येईपर्यंत मोहऱ्यांस हात लावू नये. आपसांत ठरवून पट फिरविणे, किंवा 'चालू दे, कोणास कळते आहे' असा करार करणे, दोन्ही वर्ज्य. नव्या डावासाठी घड्याळात किती वेळ ठेवावा हा निर्णयही पंचाचा. त्यावर हुज्जत घालू नये. पालकांसाठी एक निराळी सूचना आहे. प्रेक्षकाने डावात ढवळाढवळ करू नये असे नियम स्पष्ट सांगतो. कोणास काही गैर दिसले तर त्याने ते फक्त पंचासच सांगावे. दारातून 'अरे, तुझे काळे आहेत!' अशी हाक मारणारा बाप आपल्या मुलाचे हित करीत नाही. हे शिक्षकांसही तितकेच लागू आहे.

दहा चालींनंतर चूक कळली तर डाव पुढे चालावयाचा हे वर आलेच. परंतु पुष्कळांची समजूत अशी की, आता बोलून उपयोग नाही, म्हणून बोलूच नये. ही समजूत अत्यंत घातक आहे. निकालपत्रकात पांढऱ्याचे नाव आधी व काळ्याचे मागून असते, आणि निकाल १-० किंवा ०-१ असा लिहितात. समजा, तक्त्यावर गणपतचे नाव पांढऱ्याकडे व योहानचे काळ्याकडे आहे. प्रत्यक्षात गणपत काळे घेऊन खेळला आणि जिंकला. पंच पट पाहतात, काळ्याने मात केलेली दिसते, ते ०-१ लिहितात, आणि गणपतचा गुण योहानच्या खाती जमा होतो! रंगाची चूक निरुपद्रवी असेल, पण तिच्या पोटी जन्मणारी ही दुसरी चूक अख्खी स्पर्धा उलटीपालटी करू शकते. म्हणून निकाल सांगताना 'काळा जिंकला' असे न म्हणता जिंकणाऱ्याचे नाव सांगावे, लिहिलेले स्वतः वाचावे आणि मगच सही करावी. दोघांच्या सह्या झालेला निकाल, चुकीचा असला तरी, पंचाने वेगळे ठरविल्याखेरीज तसाच राहतो.

पुढील फेरीच्या जोड्याही यावर अवलंबून असतात. ज्याने प्रत्यक्ष काळे घेतले त्याच्या खात्यावर काळेच मांडले गेले पाहिजेत. तक्त्यात काय ठरले होते यास आता महत्त्व नाही. चुकीच्या रंगाची किंवा चुकीच्या निकालाची माहिती ठरलेल्या मुदतीत पंचास कळविली, तर ती पुढच्या फेरीच्या जोड्यांत जमेस धरली जाते. पुढची फेरीही संपल्यावर कळविली, तर स्पर्धेच्या क्रमवारीस तिचा उपयोग उरत नाही. घरी गेल्यावर रात्री जेवताना आठवून काही हाती लागणार नाही.

पंच व व्यवस्थापक यांजविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. उलट रंग घेतल्याबद्दल एकाच मुलाचा वेळ कापणे किंवा त्यास रागे भरणे, असे प्रकार कोठे कोठे ऐकू येतात. दोघांनी मिळून केलेल्या चुकीची शिक्षा एकास देणे हा न्याय नव्हे, आणि दहा वर्षांच्या मुलास शेकडो लोकांत रागावणे हे शिक्षणही नव्हे. घड्याळे सुरू करण्यापूर्वी एक मिनिट थांबून 'ज्याचे नाव पहिल्या रकान्यात त्याचे पांढरे; पाहून घ्या' एवढे मोठ्याने सांगितले, तर बहुतेक चुका जन्मासच येणार नाहीत. हे मिनिट वाचविण्याच्या घाईत पुढे अर्धा तास जातो.

जाता जाता, रंगाच्या चुकीची दोन भावंडेही सांगून टाकू, कारण मुले त्यांची गल्लत करतात. पट आडवा मांडला असेल, म्हणजे उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरे घर नसेल, तर डाव मोडत नाही. जी स्थिती आली असेल ती सरळ पटावर उचलून मांडतात व पुढे खेळतात. परंतु आरंभी मोहरेच चुकीच्या घरांत मांडले असतील, उदाहरणार्थ राजा व वजीर यांची अदलाबदल झाली असेल, तर नेहमीच्या लांब डावात तो रद्द होऊन नवा खेळावा लागतो. ही दुसरी चूक आमच्या खेड्यांकडील मुलांकडून अधिक होते. काही जुन्या देशी रीतींत एकाच्या राजासमोर दुसऱ्याचा वजीर येत असे. आजोबांकडून खेळ शिकलेल्या मुलाचा हात सवयीने तसाच जातो. जलद डावांत मात्र दोघांच्या दहा चाली होऊन गेल्यावर अशा मांडणीबद्दल तक्रार करता येत नाही.

काळे मोहरे आले म्हणून खट्टू होणाऱ्यांसाठी एक ताजे उदाहरण सांगितले पाहिजे. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात कोनेरू हम्पी यांच्याशी त्यांचे दोन लांब डाव झाले, प्रत्येकीस एकदा पांढरे व एकदा काळे. दोन्ही बरोबरीत सुटले. मग जलद डाव सुरू झाले, आणि ज्या डावाने चषक मिळाला तो दिव्या यांनी काळ्या मोहऱ्यांनी जिंकला.

त्या मुलीच्या वडिलांशी आमचे बोलणे वरव्याचा थांबा येईपर्यंत चालले. ते पूर्णपणे राजी झाले असे आम्ही म्हणणार नाही. उतरताना त्यांनी एवढेच विचारले की, पुढच्या स्पर्धेस मुलांना नेताना तक्ता वाचून दाखविण्यास कोणी बरोबर असेल काय. त्यांची ही सूचना आम्हांस सर्वांत उपयुक्त वाटली. यंदापासून आमच्या अंतर्गत सामन्यांत प्रत्येक खुर्चीसमोर खेळाडूचे नाव व रंग लिहिलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी उभी राहील, आणि निकालाच्या कागदावर जिंकणाऱ्याचे नाव व 'प्रत्यक्ष खेळलेला रंग' असे दोन जादा रकाने असतील. चिठ्ठ्या तयार करण्याचे काम आठवीच्या वर्गाने मागून घेतले आहे. ज्यांचे अक्षर वळणदार आहे त्यांनी त्यांस मदत करावी.